क्रम चुकला

चौथीच्या वर्गाला परिच्छेद शिकवायची वैजयंता ढोबळे बाईंची एक ठरलेली पद्धत होती. पोरांना पटांगणात रांगेत उभं करायचं. पहिल्यानं एक वाक्य बोलायचं. दुसऱ्यानं त्यातलाच एखादा शब्द उचलून पुढचं वाक्य करायचं, तिसऱ्यानं त्याच्या पुढचं. कुणी मध्येच भलतं काही बोललं की रांग तिथं तुटायची. मग सगळ्यांनी मिळून शोधायचं, इथं काय म्हणायला हवं होतं? रांग शेवटच्या पोरापर्यंत न तुटता गेली की झाला परिच्छेद. माणदेशातल्या कासारमाळच्या शाळेत वीस वर्षं बाई हेच करत आल्या होत्या, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं निदान पत्र तरी सरळ लिहायची.

मार्चमधल्या त्या आठवड्यात त्यांनी घरी लिहायला विषय दिला होता, 'घरातल्या मोठ्या माणसाचं काम'. मोठ्यांना विचारायचं आणि ते सांगतील तसं लिहायचं. त्यांचे शब्द बदलायचे नाहीत.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई वह्या तपासायला बसल्या. ईश्वरी सरगरची वही पाचवी-सहावी असेल. ईश्वरी हुशार, अक्षर टपोरं. वडील, उत्तम सरगर, गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. मुलीनं लिहिलं होतं:

'माझे पप्पा सबस्टेशनमध्ये काम करतात. तिथे पाच फीडर आहेत. फीडर म्हणजे गावांना वीज नेणारी लाइन. लाइन बिघडली की वायरमनचा फोन येतो. मग तो खांबावर चढतो. तो बंद करायचा. नंबर रजिस्टरला लिहायचा. तो चालू करायचा. मग तो खाली येतो. मग तो फोन करतो की बंद करा.'

बाईंनी सवयीनं प्रत्येक 'तो'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'तो म्हणजे कोण? फीडर की वायरमन?' खाली तांबड्या शाईनं शेरा मारला, 'क्रम चुकला. पुन्हा लिही.' आणि वही दिव्याखाली सरकवली.

दिवा म्हणजे खरं तर 'लेखनवाचक' यंत्र. टेबलावरच्या दिव्यासारखं वाकलेलं, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. तीन वर्षांपूर्वी ते राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत आलं. वर्षाअखेरीस प्रत्येक मुलाचं एक पान खाली धरायचं, की ते वाचायचं आणि कडेच्या पडद्यावर हिरवी किंवा पिवळी पट्टी उमटायची. पिवळी म्हणजे या मुलाकडे जरा लक्ष द्या. गेल्याच वर्षी त्यानं दुसरीतल्या एका मुलाचं ऐकणं कमी असल्याचं ओळखलं होतं. घरच्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

ईश्वरीच्या पानावर पट्टी तांबडी आली.

तीन वर्षांत बाईंनी तांबडी पट्टी कधी पाहिली नव्हती. त्यांनी पान सरळ करून पुन्हा धरलं. पुन्हा तांबडी. खाली अक्षरं आली: 'मेंदूच्या वाढत्या ऱ्हासाशी जुळणारी लक्षणं. वैद्यकीय तपासणीची शिफारस. चौदा दिवसांत नोंद पूर्ण करा.'

नऊ वर्षांची पोर!

मुख्याध्यापक गुरव सर कुलपं लावायच्या घाईत होते. त्यांनी पडदा पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. "पाठवून टाका, बाई. आपण काय डॉक्टर आहोत?"

"सर, ती वर्गात अगदी व्यवस्थित आहे हो. परवाच तिनं अख्खी रांग शेवटपर्यंत नेली."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

"चौदा दिवस आहेत ना? मला थोडं बघू द्या," बाई म्हणाल्या.

शनिवार-रविवार त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. भाजी लागली, दूध उतू गेलं. नवऱ्यानं दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा "काही नाही" म्हणून सांगितलं. सोमवारी त्यांनी वर्गातच परिच्छेद लिहायला घेतला, समोर बसवून. ईश्वरीनं शेळीला पाला कसा घालतात ते लिहिलं. एकही वाक्य जागचं हललेलं नव्हतं. बाईंनी पान दिव्याखाली धरलं. पट्टी हिरवीगार आली.

त्यांनी मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं. "ईश्वरी, घरी अभ्यासाला कोण बसतं गं तुझ्यासोबत?"

"पप्पा. ते सांगत्यात, मी लिहिती. तुम्हीच म्हणलावता ना बाई, शब्द बदलायचे नाहीत?" पोरीचा चेहरा पडला. "क्रम पप्पांनीच तसा सांगितलावता. मला वाटलं चुकलाय, पण मी बदलला नाही."

वही मुलीची होती, पण वाक्यं उत्तमची होती.

त्या दुपारी त्यांनी कपाटातून ईश्वरीच्या जूनपासूनच्या वह्या काढल्या आणि यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिकाही पहिल्यांदा नीट वाचली. त्यात लिहिलेलं कळायला अवघड नव्हतं. माणूस एक वाक्य बोलून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा पहिलं वाक्य त्याला मनात धरून ठेवावं लागतं. कुणाबद्दल बोलतोय, आधी काय झालं, नंतर काय, हे सगळे धागे मेंदूचे निरनिराळे भाग एकाच वेळी सांभाळत असतात. आजाराची सुरुवात होते तेव्हा माणूस नावं विसरत नाही, रस्ते विसरत नाही. चारचौघांत हसतो, बोलतो, कुणाला शंकाही येत नाही. पण बोलण्यातले हे बारीक धागे तेव्हाच सुटायला लागलेले असतात. 'तो', 'ती', 'ते' यांना धनी उरत नाही, आधीचं नंतर येतं, दहा शब्दांत पूर्वी चार गोष्टी सांगणारा माणूस दीडच गोष्ट सांगतो. कानाला हे जाणवत नाही, कारण ऐकणारा आपल्या बाजूनं गाळलेलं भरून घेतो. यंत्र काही भरून घेत नाही, ते फक्त मोजतं. लाखो माणसांच्या लिखाणावरून ते मोजायला शिकलं होतं, आणि डॉक्टरला दिसायच्या चार-पाच वर्षं आधी त्याला दिसायचं.

बाईंनी जूनपासूनची घरी लिहिलेली पानं एकेक करून दिव्याखाली धरली. जूनमध्ये हिरवी. ऑगस्टमध्ये पिवळी. दिवाळीनंतर गडद पिवळी. मग तांबडी. प्रत्येक वेळी बाईंनी त्या पानांवर शेरे मारले होते. 'वाक्ये जोडून लिही.' 'मध्येच विषय सोडू नको.' एका माणसाच्या डोक्यातली पडझड त्या आठ महिने तांबड्या शाईनं तपासत होत्या, आणि त्याबद्दल एका लहान पोरीला दटावत होत्या.

उत्तम त्यांचा वर्गमित्र. याच शाळेत, याच भिंतींच्या आत दोघं शिकले. वय दोघांचंही चव्वेचाळीस.

पडद्यावर नोंदीसाठी दोन चौकटी होत्या. 'मजकूर विद्यार्थ्याचा' यावर बोट ठेवलं की ईश्वरीला तपासणीचं बोलावणं येणार आणि तिच्या कायमच्या आरोग्यनोंदीत हे चिकटणार. 'मजकूर अन्य व्यक्तीचा' म्हटलं की त्या व्यक्तीचं नाव, नातं, व्यवसाय भरायचा. काम जोखमीचं असेल तर तिथंही कळवलं जाणार. काहीच केलं नाही, तर चौदाव्या दिवशी यंत्र आपणहून पहिली चौकट धरणार होतं.

बुधवारी बाई सरगरांच्या घरी गेल्या. उत्तम ड्यूटीवर होता. त्याची बायको नंदा ओसरीत भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानंच पाट सरकवला. "बसा की बाई. काय पोरीनं केलं का काय?"

बाई शब्द जुळवत होत्या, तेवढ्यात नंदाचा फोन वाजला. तिनं मनगटानंच तो चालू केला, तव्याखालचा जाळ ओढला आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तिचा आवाज एकदम सपाट झाला.

"कुठला फीडर? तीन. परत सांगा. तीन. मागितला कुणी? बाळूनं. लिवलं का? वाचून दावा मला. बरं. आता उठा. तीनच्या म्होरं उभं ऱ्हावा. वरचा आकडा वाचा. तीन हाय ना? दांडा वढा खाली. पेटीवरचा दिवा गेला? मग पाटी अडकवा. अडकवली? आता बाळूला म्हणावं, चढ."

फोन ठेवून ती वळली, तर बाई उभ्या राहिल्या होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"कधीपासून, नंदा?"

नंदानं आधी भाकरी उलटली. "गेल्या पोळ्यापासनं. एकदा 'माणूस वर हाय'ची पाटी न अडकवताच घरी आलं. रातपाळीवाल्यानं बघितलं म्हणून बरं. तवापासनं दर टायमाला मला फोन करत्यात. मी सगळं पाठ केलंय." "बाई, वायरमन खांबावर असताना लाइन चालू झाली तर माणूस जागेवर जातो. मला काय कळत न्हाई व्हय? पण माझ्या सासऱ्याचं असंच झालंतं. गाव त्यांना येडा म्हणायचं. पोरं मागनं दगडं मारायची. ह्यांनी ते बघितलंय. आता ह्यांचं म्हणतील, मग उद्या माझ्या पोरीकडं बोट दाखवतील, हिच्या बी डोक्यात तेच असंल म्हणून. कोण करंल तिला?"

"आणि तुझा फोन एखाद्या दिवशी लागला नाही तर?"

नंदानं पुढचा गोळा घेतला आणि परातीत दाबत राहिली, दाबतच राहिली.

गुरुवारी बाई उपकेंद्रावर गेल्या. शहरांतली उपकेंद्रं केव्हाच माणसांवाचून चालायला लागली होती. माणदेशातली अजून रांगेत होती. तारेचं कुंपण, आत गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर आणि एका लांबट खोलीत पाच फीडरच्या पाच उंच पेट्या. उत्तमनं त्यांना बघून खुर्ची पुसली. "वैजू, तू? शाळा बुडवून?" तो हसला. चौथीत असताना गुरुजींच्या सायकलची हवा कुणी सोडली ती गोष्ट त्यानं रंगवून सांगितली, अगदी बारकाव्यांसकट. बाईंना क्षणभर वाटलं, यंत्र चुकलंय. या माणसाला काही झालेलं नाही.

मग त्यांनी वह्यांबद्दल सांगितलं.

उत्तमचं हसू हळूहळू गेलं. "म्हणजे," तो म्हणाला, "तू माझ्या पोरीच्या वहीतनं माझी तपासणी केलीस?"

"मुद्दाम नाही रे. मला माहीतच नव्हतं. उत्तम, तू आपणहून सुट्टी टाक. पुण्याला जाऊन दाखवून घे. मग मी त्या चौकटीत काय भरायचं ते..."

"मी चार लोकांत कुठं चुकलो? एक चूक दाखव! रजिस्टर बघ हे!" त्यानं रजिस्टर त्यांच्यापुढं आपटलं. "अठरा वर्षात एक अपघात न्हाई. आणि तू मला एक शाळेतला दिवा दाखवतीस?" मग आवाज एकदम खाली आला. "वैजू, बाबांना शेवटी खोलीत कोंडलं होतं. मी जेवण न्यायचो. मला 'कोण रं तू' म्हणायचे." तो खिडकीकडे वळला. "जा तू. माझ्या घरात परत पाऊल टाकू नको."

बाई उन्हातून चालत परतल्या. वाटेत बाळू चोपडे वायरमन मोटारसायकलवर भेटला, शिडी आडवी बांधलेली. "बाई, येऊ का सोडायला?" त्यानं विचारलं. याला आत्ता सांगावं, की बाबा, खांबावर चढू नकोस? आणि उद्या सगळ्या गावानं उत्तमच्या दारात उभं राहावं? "नको," त्या म्हणाल्या, आणि त्या 'नको'चं ओझं घेऊन घरी आल्या.

पुढच्या सोमवारी ईश्वरीनं घरून लिहून आणलेला परिच्छेद दाखवला. विषय पाण्याच्या टाकीचा. 'पप्पांनी सांगितले' असं वर लिहिलेलं. बाईंनी पान दिव्याखाली धरलं. पट्टी हिरवी.

त्यांनी परत परत वाचलं. वाक्यं सरळ होती, एकाचा हात दुसऱ्यानं धरलेला. जरा जास्तच सरळ. प्रत्येक 'तो'च्या जागी नाव होतं. आधीचं आधी, नंतरचं नंतर.

"ईश्वरी, हे पप्पांनी असंच सांगितलं?"

मुलगी बुटानं जमीन उकरत राहिली.

"मी रागावणार नाही."

"पप्पा सांगत होते तसं मी आधी पाटीवर लिवलं," ती हळू म्हणाली. "मग रांग लावली. तुम्ही शिकवली तशी. मग वहीत उतरवलं." तिनं वर बघितलं. "मम्मी आणि तुमचं बोलणं मी ऐकलंवतं बाई. आता पट्टी हिरवी आली ना? मग आता पाठवू नका ना."

बाई खुर्चीत बसल्या. वीस वर्षं जे शिकवलं ते इतकं चांगलं कुणी शिकलं नव्हतं. नऊ वर्षांची पोर बापाचा आजार परिच्छेदात नीट लावून लपवत होती. बायको फोनवरून लपवत होती. आणि आपण? अकरा दिवस झाले, चौकट रिकामी होती.

बुधवारी बाईंनी ठरवलं. उद्या शाळा सुटली की दुसरी चौकट भरायची. उत्तमनं आयुष्यभर तोंड पाहिलं नाही तरी चालेल.

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास वारा सुटला. पावसाचा थेंब नाही, नुसती धूळ आणि भणाणता वारा. शाळेचे पत्रे वाजायला लागले. बाईंनी पोरांना भिंतीकडे घेतलं. दहाला वीज गेली. वाऱ्यानं ठिकठिकाणी झाडं पडली, तारा तुटल्या. साडेदहाला वारा ओसरला, आणि साडेअकराला गुरव सर वैतागून म्हणाले, "फोनही बंद झाला. टॉवरची बॅटरी संपली वाटतं."

नंदाचा फोन आता लागणार नव्हता.

"सर, वर्ग बघा," म्हणून त्यांनी स्कूटर काढली. रस्त्यावर फांद्या, कुठं तुटलेली तार. दोन किलोमीटर त्यांना वीस वाटले. कोण वर चढलं असेल? बाळू? कुठल्या लाइनवर? उत्तमनं काय ओढलं असेल? उपकेंद्राच्या फाटकाशी त्यांनी स्कूटर टाकलीच आणि धावत आत गेल्या.

उत्तम पेट्यांच्या समोर जमिनीवर बसला होता. दोन्ही हात काखेत गच्च दाबलेले, जणू ते सुटून जातील. टेबलावरचा वायरलेस संच खरखरत होता, पलीकडे तालुक्याचे अभियंते.

"कासारमाळ! दोन नंबर चालू करा! सरकारी दवाखाना दोनवर आहे, त्यांचं जनरेटर बंद पडतंय! कासारमाळ, ऐकताय का?"

"उत्तम!"

त्यानं मान वर केली. चेहरा घामानं निथळत होता. "वैजू, दोघं वर आहेत. बाळू आणि अजून एक. फोन आला होता, मग टॉवर गेला. रजिस्टरात मी तीन लिहिलंय. पण माझ्या कानात दोन आहे." तो लहान मुलासारखा बोलत होता. "पाट्या मी दोन्हीवर अडकवल्यात. कुठली खरी ते मला कळेना. ते तासभर ओरडायलेत, चालू करा म्हणून. मी हात लावला न्हाई. मी कशालाच हात लावणार न्हाई."

संच पुन्हा ओरडला. "सरगर! पेशंट आहेत तिकडं! रजिस्टरला काय आहे? कामाचं परमिट तीनवर म्हणालात ना? मग दोन का धरून बसलाय?"

बाई संचाकडे धावल्या, पण तो वापरायचा कसा ते त्यांना माहीत नव्हतं. "उत्तम, मला नाही येत हे. तूच सांग त्यांना."

"काय सांगू?"

"आत्ता मला सांगितलंस तेच."

तो उठला. संच हातात घेतला, बटण दाबलं आणि नुसताच उभा राहिला. खोलीत घड्याळ वाजत होतं. त्यांना वाटलं, हा आता 'हो साहेब' म्हणेल. माणसं तेच म्हणतात.

"साहेब," उत्तम म्हणाला, "दोनवर माणसं आहेत का तीनवर, मला आठवत नाही. रजिस्टरवर विश्वास ठेवू नका, ते मी लिहिलंय. मला आजार आहे. बऱ्याच दिवसांपासून आहे. माणसं खाली उतरल्याचं कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही चालू करणार नाही. दवाखान्याला दुसरं जनरेटर पाठवा."

पलीकडचा आवाज बदलला. "ठीक आहे. हात लावू नका. मी निघालो."

दवाखान्याकडे जनरेटर रवाना करून अभियंते अर्ध्या तासात आले. त्यांनी माणसं दोन्ही लाइनींवर पिटाळली. बाळू चोपडे आणि त्याचा जोडीदार ओढ्यापलीकडे खांबावर सापडले, कमरेला पट्टे बांधून तुटलेली तार ओढत. लाइन दोन नंबरची होती.

बाळूला हे सांगितलं. त्यानं हातमोजे काढले, तो खांबाच्या बुडाशी बसला आणि पाणी मागितलं.

त्याच दुपारी बाईंनी चौकट भरली. नाव, नातं, व्यवसाय. उत्तम शेजारी बसला होता. त्यानंच त्यांना आपलं पूर्ण नाव सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांनी निदान पक्कं केलं. आजार लवकर सुरू होणाऱ्या विस्मृतीचा, वडिलांकडून आलेला. औषधानं त्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. वीज कंपनीनं उत्तमला उपकेंद्रावरून काढून तालुक्याच्या भांडारात बसवलं, जिथं त्याच्या हाताखाली कुठली लाइन नव्हती. गावात लोक बोलायचे ते बोललेच. पण बाळू चोपडेची आई नंदाच्या दारात येऊन तासभर रडून गेली. त्यानंतर पारावरचं बोलणं बरंचसं कमी झालं. उत्तम बाईंशी पूर्वीसारखा बोलू लागला नाही. रस्त्यात भेटला तर थांबायचा, मान हलवायचा आणि जायचा. बाईंना ते लागायचं, पण त्यांनी तक्रार केली नाही.

जूनमध्ये ईश्वरी पाचवीत गेली. पाचवीही याच शाळेत होती, आणि मराठी बाईंकडेच. पहिल्या आठवड्यात आरोग्य खात्याचं पत्र आलं. आजार आनुवंशिक असल्यानं मुलीची जनुकीय तपासणी करता येईल, पालकांची इच्छा असल्यास. नंदा ते पत्र पदरात गुंडाळून शाळेत आली. "करायची का, बाई? आत्ता कळलं तर पोर आयुष्यभर तेच घेऊन जगंल. न्हाई केली तर मी हेच भ्या घेऊन जगन."

"तिला अठरा वर्षं पूर्ण होऊ देत," बाई म्हणाल्या. "तिचं तिला ठरवू दे." हे बरोबर की चूक, त्यांना माहीत नव्हतं. नंदा मान डोलावून गेली, पण तिची चाल ओझं उतरलेल्या माणसासारखी नव्हती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ईश्वरी वर्गातच रेंगाळली. बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, अर्धी शक्यता असते ना? मम्मी आणि पप्पा बोलत होते."

बाईंनी खोटं बोलायचा विचार केला. पोरीच्या डोळ्यांत बघून तो सोडून दिला. "हो. अर्धी."

"मग माझं पण तसं होईल?"

"मला माहीत नाही, बाळ. कुणालाच माहीत नाही."

ईश्वरीनं खालचा ओठ दाताखाली धरला. बाहेर पोरं ओरडत घरी चालली होती. बाईंनी तिला जवळ ओढलं.

"पप्पा रोज संध्याकाळी मला गोष्टी सांगत्यात," ती बाईंच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "लहानपणच्या. त्या लिहून ठेवू का? ते विसरायच्या आत?"

"ठेव."

"पण मधूनच क्रम चुकतो त्यांचा. मग मी काय करू? नीट लावू, का तशाच ठेवू?"

परिच्छेदाबद्दल एवढा अवघड प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता.

"तशाच ठेव," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि त्या मला तपासायला देऊ नकोस."